अढळपदाचा भ्रम

मार्गशीर्षात तिन्हीसांज टळली की तिसगावच्या पूर्वक्षितिजावर मृग नक्षत्र वर येते. ध्रुवाच्या अढळपदाची कथा बालपणापासून कानी पडत आल्याने सारेच तारे आपापल्या जागी खिळलेले आहेत, हा समज सुशिक्षितांतही टिकून आहे. त्या समजाला छेद देणारी घटना याच मृगात घडून गेली आहे.

मृगातील बाणाच्या दक्षिणेस एक पुसट तेजोमेघ दिसतो. त्या परिसरातील तरुण तारकागुच्छांत अवजड तारे दाटीवाटीने जन्मतात. सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी तेथे ताऱ्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या अतिनिकट आल्या. गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत दोन तारे परस्परांशी जखडले गेले आणि उरलेले दोघे विरुद्ध दिशांना भिरकावले गेले. त्यांपैकी एक आज उत्तरेस सारथी तारकासमूहात, तर दुसरा दक्षिणेस कपोतात आहे. दोघांचाही वेग सेकंदाला सुमारे 100 किलोमीटर आहे. ब्लाऊ व मॉर्गन या शास्त्रज्ञांनी 1954 साली त्यांचे मूळ मृगात शोधले. पुढे, 2024 साली, गाया उपग्रहाच्या मापनांवरून सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षे दूर असलेल्या एकाच गुच्छातून असे 55 तारे बाहेर फेकले गेल्याचे उघड झाले. हा अपवाद नव्हे, असाच याचा अर्थ. असे तारे जन्मस्थानापासून दूर जाऊन स्फोट पावतात आणि त्यांच्या पोटात घडलेली मूलद्रव्ये तेथील अवकाशात विखुरतात.

कपोतातील तो पळपुटा तारा दुर्बिणीवाचूनही दिसतो. मात्र तो मंद असल्याने गडद अंधार हवा. शहरांनी तो अंधार केव्हाच गमावला. महामार्गालगतच्या गावांतही आता उंच खांबांवरील दिव्यांचे झोत आभाळाकडे वाया जात आहेत. गावात दिवे नकोत, असे कोणी म्हणणार नाही. पण दिव्यावर झाकण असावे आणि उजेड रस्त्यावरच पडावा, एवढी दक्षता ग्रामपंचायतींना सहज घेता येईल.

दुसरे काम शिक्षकांचे. पत्रिकेतील जन्मनक्षत्र मुलांना तोंडपाठ असते. तेच नक्षत्र आकाशात दाखव म्हटले की ती गोंधळतात. मार्गशीर्ष अमावास्येच्या रात्री दहाच्या सुमारास, पालकांना सोबत घेऊन, मुलांना शिवारात न्यावे. त्यासाठी अनुदान लागत नाही आणि उपकरणही लागत नाही. अमावास्येचे भय आणि अढळपदाचा भ्रम, दोन्ही एकाच रात्री ओसरू लागतील.