विडाल पॉझिटिव्ह म्हणजे टायफॉइड नव्हे!

"डॉक्टर, टायफॉइड निघालाय," असं म्हणत विडालचा रिपोर्ट पुढे करणारे रुग्ण दर पावसाळ्यात येतात. बऱ्याचदा ताप येऊन जेमतेम दोन दिवस झालेले असतात आणि अँटिबायोटिक सुरूही झालेलं असतं. दोन दिवसांच्या तापात विडाल काहीच सांगू शकत नाही. तरी ती केली जाते, कारण स्वस्त आहे, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतो आणि लॅबच्या 'फिव्हर पॅकेज'मध्ये ती असतेच. माझ्या काही व्यवसायबंधूंना हे आवडणार नाही, पण हा प्रकार बंद व्हायला हवा.

विडाल तपासणी 1896 सालची. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडीज मोजते. त्या वाढायलाच साधारण आठवडा लागतो. आणि वाढल्या तरी नेमक्या कोणाविरुद्ध, हा प्रश्न उरतोच.

टायफॉइडचा जंतू म्हणजे साल्मोनेला टायफी. साल्मोनेलाचं खटलं फार मोठं आहे. त्यात 2500 हून अधिक प्रकार आहेत आणि त्यातले बहुतेक एकाच जातीचे. त्यांना वेगळं ओळखतात ते आवरणावरच्या 'ओ' आणि शेपटीवरच्या 'एच' या घटकांवरून. टायफीवर ओ-9 आणि ओ-12 असतात. अंडी-चिकनमधून पोट बिघडवणाऱ्या एंटेरिटिडिसवरही नेमके हेच दोन! पॅराटायफी ए वर ओ-12 असतोच. म्हणजे 'ओ' वाढला म्हणून टायफी पकडला म्हणणं, हे पन्नास पाटलांच्या गावात नुसतं 'पाटील' लिहून समन्स पाठवण्यासारखं झालं. 'एच' त्यापेक्षा नेमका, पण जुन्या आजारानंतरही तो बराच काळ वाढलेला राहतो. मलेरियातही विडाल कधी कधी पॉझिटिव्ह येते. आपल्याकडे तर धडधाकट माणसातही थोडं टायटर सापडतं.

म्हणूनच बरं झाल्यावर पुन्हा विडाल करू नका. ताप गेलाय, भूक लागतेय, आणि तरी 'अजून रक्तात टायफॉइड आहे' म्हणून दुसरा कोर्स? कशासाठी?

जंतू खरा ओळखायचा तर ब्लड कल्चर हवं. त्यात रक्तातला जंतू वाढवतात. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायच्या वसाहती गुलाबी दिसतात, साल्मोनेलाच्या रंगहीन. मग रासायनिक चाचण्या आणि शेवटी ठरावीक अँटिसिरमनं प्रकार पक्का करतात. वर कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं, आणि आज तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. आपल्याकडे टायफॉइडवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा भरवसा राहिलेला नाही. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात 2016 पासून तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही न जुमानणारा टायफी पसरला. शिवाय 'टायफॉइड' ठरवून मोकळं झालं की डेंग्यू, मलेरिया, स्क्रब टायफस यांचा शोधच थांबतो.

कल्चरलाही मर्यादा आहेत. खर्च जास्त, रिपोर्टला काही दिवस, आणि टायफॉइड असूनही ते बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, विशेषतः आधी अँटिबायोटिक घेतलं असेल तर. म्हणून अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी डॉक्टरांना विचारा, "कल्चरसाठी रक्त घ्यायचं का?" रक्त घेतल्यावर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करता येतं. मोठ्या माणसाचं एका बाटलीसाठी 8 ते 10 मिली रक्त घेतात, तेव्हा 'एवढं कशाला' म्हणून हात मागे घेऊ नका. आधी मेडिकलमधून काही गोळ्या घेतल्या असतील तर त्यांची पाकिटंही सोबत आणा.