मोटारीचा काळा साज

दसरा आला, कीं घरोघरच्या मोटारी धुवून-पुसून पूजेस उभ्या राहतात. गेल्या दसऱ्यास आमच्या पुतण्यानें जुन्या गाडीचा पांढुरका पडलेला बंपर, दारांचीं रबरें, इतकेंच नव्हे तर ब्रेकचें पेडलही डिझेलच्या बोळ्यानें पुसून काळेंभोर केलें. सायंकाळीं सोनें वाटावयास निघतांना फाटकाशींच आमचा पाय पेडलवरून घसरला. दैवानें पुढें कोणी नव्हतें.

हा पांढुरकेपणा म्हणजे मळ नव्हे. उन्हांतील अतिनील किरणांनीं प्लॅस्टिकचा वरचा थर जीर्ण होतो. डिझेलनें त्यास घटकाभर चकाकी येते. रबर मात्र डिझेल शोषून फुगतें, सैल पडतें आणि पुढें पावसाचें पाणी आंत घेतें. त्याऐवजीं ते भाग साबणाच्या पाण्यानें धुवून पुरते वाळवावे. मग प्लॅस्टिकवर बाजारांत मिळणारें पाणीमिश्रित सिलिकोनचें द्रावण मऊ फडक्यानें पातळ पुसावें. दारांच्या रबरास ग्लिसरीन पुरे. पेडल, स्टिअरिंग व टायरचा रस्त्यास टेकणारा भाग यांस मात्र कांहींही लावूं नये.

सणास गाडी अवश्य सजवावी; परंतु जेथें घरच्या माणसांच्या जिवाचा भार असतो, तेथें खरखरीतपणा हीच खरी शोभा होय.