पेट्रोल कोण पितं?

घरात चोरी झाली की संशय आधी घरच्याच माणसावर जातो. आमच्याकडेही तेच झालं. फरक इतकाच की, चोरीला गेलं होतं ते पेट्रोल!

गोष्ट भाद्रपदातली. सौभाग्यवती महिनाअखेरीचा हिशेब लिहीत होत्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "अहो, गाडी तीच, तुमचं ऑफिस तेच, मग पेट्रोलचा खर्च एवढा कसा वाढला?"

आमची गाडी साधी, नऊ वर्षांची, लिटरला १६ किलोमीटर चालणारी. माझी नजर नकळत चिरंजीवांकडे वळली. जूनमध्येच त्याला लायसन्स मिळालं होतं आणि रात्री 'मित्राकडे अभ्यासाला' जाणंही वाढलं होतं. त्या रात्री मी बोलू नये ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "बाबा, मीटर बघा. किलोमीटर वाढलेत का?" गाडीची किल्ली टेबलावर ठेवून तो आत निघून गेला.

मीटर पाहिला. किलोमीटर वाढले नव्हते! म्हणजे गाडी जास्त फिरत नव्हती, जास्त पीत होती.

आता वाचकहो, असा संशय आला तर पहिलं काम मोजण्याचं. समोरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर टाकी भरा, नळी आपोआप बंद झाली की थांबा आणि मीटर टिपून ठेवा. टाकी बरीच रिकामी झाली की तिथंच पुन्हा तशीच भरा. चाललेले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर. आमचे आले ३१२ भागिले २७.४, म्हणजे ११.४! महिन्याला ९०० किलोमीटर धरले, तर २० लिटरच्या वर पेट्रोल हवेत जात होतं.

शेजारचे नाना जुने फियाटवाले. ते म्हणाले, "एअर फिल्टर तुंबला असेल, नाहीतर चोक अर्धा ओढलेला राहिला असेल." फियाटच्या काळी ते खरंच होतं. कार्बुरेटरला हवा कमी पडली की मिश्रणात पेट्रोल जास्त व्हायचं. आजच्या गाडीत हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडलं जातं. फिल्टर तुंबला तर गाडीची ओढ कमी होते, पण पेट्रोलचा खर्च फारसा वाढत नाही. आणि चोक तर आता नाहीच!

मग टायर पाहिले. हवा नेहमी गाडी थंड असताना तपासावी. किती हवी ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर असतं. आमच्या टायरांत ३० ऐवजी २४ होती. ती भरली, पण एवढ्यानं शंभरात एक-दीडाचाच फरक पडतो. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचंही नाव निघालं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून २० टक्के मिश्रणाला शंभरात सहा-सात कमी धरावे. आमचा तोटा मात्र शंभरात जवळजवळ तीसचा!

शेवटी गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी यंत्र जोडून पाहिलं, इंजिनात दोष निघाला नाही. इंजिन नीट तापतंय की थंडच राहतंय तेही पाहिलं, कारण थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी गाडी जास्त पेट्रोल खाते. तेही ठीक होतं. मग सपाट रस्त्यावर त्यांनी गिअर काढून गाडी सोडून दिली. घरंगळत जायची ती गाडी चार पावलांत थांबली. खाली उतरून त्यांनी चाकांजवळ नुसता हात नेला. (हात लावू नका, भाजेल!) पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलं होतं.

"साहेब, ब्रेक धरून बसलाय. गाडी डावीकडे ओढत नव्हती का?"

मी गप्प. कारण जुलैमध्येच चिरंजीव म्हणाले होते, "बाबा, गाडी डावीकडे जाते." आणि मी म्हटलं होतं, "आधी स्टिअरिंग धरायला शीक!"

चाक काढलं. ब्रेकच्या कॅलिपरला मागंपुढं सरकू देणाऱ्या पिनेचं रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलं होतं. गंजून पीन अडकली होती, म्हणून पाय उचलला तरी ब्रेक सुटत नव्हता. ब्रेकचा पॅड झिजून पत्र्याला टेकायला आला होता. मिस्त्रींनी पीन घासून साफ केली, नवं रबर घातलं, ब्रेकसाठीचं खास ग्रीस लावलं (साध्या ग्रीसनं रबर फुगतं) आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. ब्रेकचं तेलही नवं भरलं.

ते म्हणाले, "पेट्रोलचं सोडा. असा तापलेला ब्रेक घेऊन घाट उतरला असता, तर आतलं तेल उकळून पाय थेट खाली गेला असता."

दिवाळीला आम्हाला कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं होतं. पाठीमागच्या सीटवर आई बसणार होती.

पुढच्या वेळी टाकी भरली तेव्हा ३३८ किलोमीटरला २२.१ लिटर लागले, म्हणजे सव्वापंधरा! सौभाग्यवतींनी आकडा वहीत लिहिला आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं.

मी किल्ली उचलली आणि आतल्या खोलीत गेलो. "चुकलं माझं. चिपळूणपर्यंत निम्मी गाडी तू चालव," असं म्हणून ती त्याच्या पुस्तकावर ठेवली.

तो हसला. म्हणाला, "घाट तुम्हीच उतरा, बाबा."

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची हवा बघा, चाकांजवळ हात नेऊन बघा, आणि घरातलं पोर गाडीबद्दल काही सांगत असेल तर तेही जरा ऐकून घ्या!