काला अंब, खोबरेल आणि न उडालेली गोळी

पानिपत शहराबाहेर काही किलोमीटरवर काला अंब आहे. ज्या आंब्याच्या झाडावरून हे नाव पडलं ते झाड आता नाही, विटांचा स्तंभ आहे. दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं येतात, हरियाणातले रोड मराठेही येतात. पोस्टिंग दिल्लीच्या बाजूला असल्यामुळे मलाही जाता येतं. स्तंभापुढे डोकं टेकवून झालं की घोळके जमतात आणि १७६१ चा हिशेब सुरू होतो. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चालू असताना आपल्याच स्वारांनी त्यांच्यापुढे घोडी घातली नसती तर? विश्वासरावांना गोळी लागली नसती तर?

मी ईएमईतला आर्मरर. हे माजी सैनिकांना कळलं की त्या घोळक्यातला एखादा हळूच बाजूला घेतो. "अहो, माझं पॉइंट थर्टी टू हल्ली दगा देतंय. सहातल्या दोन उडतच नाहीत. विकून टाकू का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. विकू नका, आणि दगा हा शब्दही वापरू नका. आपल्या लोकांकडे असतं ते बहुतेक कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं, वेब्ली घराण्याच्या धाटणीचं, मधून मोडून उघडणारं रिव्हॉल्व्हर. त्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं. बिघाड होतो तो आपल्या कपाटात.

आधी न उडालेल्या गोळीचं. चाप ओढला, नुसतं 'खट्' झालं, की नळी टार्गेटकडेच ठेवा आणि निदान तीस सेकंद थांबा. लगेच दुसऱ्यांदा चाप ओढू नका. पिस्तूल-रायफलमध्ये अडकलेली गोळी नळीसमोरच राहते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र दुसऱ्यांदा चाप ओढला की सिलिंडर फिरतं, ती गोळी नळीसमोरून सरकते, आणि उशिरा पेटली तर तिला बाहेर पडायला वाट नसते. बोटं जातात. आवाज 'फुस्स' असा दबका आला तर त्याहून सावध. बुलेट नळीतच अडकलेली असू शकते. फायर बंद, सगळं रिकामं करा, नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढची गोळी नाही.

मग ती गोळी हातात घेऊन तिची टोपी, म्हणजे प्रायमर, बघा. निम्मं निदान तिथेच होतं. खड्डा खोल आणि मधोमध पडलाय, तरी गोळी उडाली नाही, तर रिव्हॉल्व्हरने आपलं काम केलंय. दोष गोळीचा. आणि गोळी का मेली, याचं उत्तर बहुधा घरातच मिळतं. कोटा कमी, गोळ्या महाग, म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा डबा जपून ठेवलेला. काहींनी तर सिलिंडरमध्ये सढळ हाताने तेल सोडून वर गोळ्या भरून ठेवलेल्या. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि मसाला मारून टाकतं. चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खोवलेल्या गोळ्यांवर पितळेच्या भांड्यासारखा हिरवा थर चढतो. असल्या गोळ्या मागच्या बाजूला 'के. एफ.' असली, म्हणजे आपल्या खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्याची खूण असली, तरी वापरू नयेत. चांगल्या कारखान्याची गोळीही म्हातारी होते.

एक घोटाळा वारंवार दिसतो. पिस्तुलाची पॉइंट थर्टी टू आणि रिव्हॉल्व्हरची पॉइंट थर्टी टू या दोन वेगळ्या गोळ्या आहेत. पिस्तुलाची आखूड, तिची कड अगदी बारीक. ती रिव्हॉल्व्हरमध्ये बसलेली दिसते, पण नीट टेकत नाही, म्हणून कधी उडते कधी नाही. दाबही वेगळा. उडाली म्हणजे चालते, असं समजू नये.

खड्डा उथळ असेल तर हॅमरचा ठोका कमी पडतोय. इथे मी पहिला संशय घेतो तो घाणीचा. आणि मराठी माणसाच्या बाबतीत, हसू नका, खोबरेलाचा. घरात हाताशी असतं म्हणून हत्याराला लावतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठायला लागतं. सांगलीत मे महिन्यात झकास चालणारं रिव्हॉल्व्हर पानिपतच्या जानेवारीत आळसावतं ते त्यामुळे. जुनं शिवणयंत्राचं तेल आत चिकट राळ होऊन बसलेलं असलं तरी तेच. सिलिंडरच्या भोकांच्या कडेला जमलेली काजळीही बघा. गोळी पूर्ण आत बसली नाही तर पिनचा निम्मा जोर तिला आत ढकलण्यातच जातो. साफसफाई, हलकं गन ऑइल, आणि तेही पुसून घेतलेलं. इतक्यावर बऱ्याच तक्रारी मिटतात.

नाही मिटली तर एक खूण सांगतो. हॅमर अंगठ्याने मागे ओढून चाप दाबला की प्रत्येक गोळी उडते, पण नुसता चाप लांब ओढला की मिसफायर होतो, असं असेल तर मुठीतली मेनस्प्रिंग थकली आहे. नुसत्या चापाने हॅमर थोडा कमी मागे जातो, म्हणून कमजोरी तिथे आधी उघडी पडते. खड्डा मधोमध न पडता कडेला पडत असेल, किंवा दर वेळी एकाच भोकातली गोळी राहत असेल (भोकांना पेनने आकडे घाला, लगेच कळेल), तर सिलिंडरची जुळणी किंवा ते भोक. हे घरचं काम नाही.

आणि इथेच माझा खरा राग आहे. वयाने बोटं थकतात, चाप जड वाटतो, मग माणूस बाजारातल्या कुणा कारागिराकडे जातो. तो स्प्रिंग घासून किंवा वाकवून 'ट्रिगर मक्खन' करून देतो. चापातून काढलेला तो जोर हॅमरच्या ठोक्यातून गेलेला असतो. मी पाहिलेल्या हट्टी मिसफायरांत ही मक्खन कामगिरी सगळ्यात पुढे आहे. त्यावर उपाय म्हणून दुसरा कारागीर पिनचं टोक कानशीने टोकदार करतो. आता ती टोपीला भोक पाडते आणि गरम वायू मागे येतो. घासलेली स्प्रिंग पुन्हा जाड होत नाही, ती बदलावीच लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक दुकानातच जा, पावती घ्या, आणि स्प्रिंग बदलली की घासली हे तोंडावर विचारा.

गारद्यांच्या चकमकीच्या बंदुकाही मिसफायर होत. गारगोटी झिजली, रंजक ओली झाली, की चाप ओढूनही बार नाही. लढताना ते गारगोटी बदलत, कान साफ करत. काला अंबवर आम्ही त्या एका दुपारची चर्चा करतो, पण फौज त्याआधी दोन महिने रसद तुटून उपाशी होती, घोडी मरत होती. बंदूकवाल्या माणसाला हे पटकन कळायला हवं, कारण त्याचा मिसफायरही चाप ओढला त्या क्षणी घडलेला नसतो.

राहिल्या त्या जुन्या गोळ्या. नदीत टाकू नका, पुरू नका, कुणाला देऊ नका. मोजा, परवान्यावरच्या नोंदीशी ताळा घ्या आणि परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून लेखी पोच घ्या. नव्या घेतल्यात की त्यातल्या काही रेंजवर उडवून बघा, दोन्ही पद्धतींनी, आणि शक्यतो थंडीत.