घरचं घरी : एसी चालू, घर गरम

मंडळी, मागच्या अंकातला गळक्या नळाचा लेख वाचून एका काकूंनी मला गणपतीत गाठलं. "नळाचं राहू दे गं, ह्यूस्टनमध्ये राहतेस तर एसीचं लिही!" तेव्हा यंदा एसी. विषय शोधावा लागला नाही, ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो आपणहून घरात आला.

सासू-सासरे सांगलीहून आलेले होते. थर्मोस्टॅट ७६ वर आणि घरात ८४. छतातल्या जाळीतून वारा येत होता, पण कुणी लांबून फुंकर घालावी तसा. आमच्या चिरंजीवांनी आकडा थेट ६५ वर नेला. आपण सगळेच हे करतो. पण साधा एसी म्हणजे नळ नव्हे, जास्त फिरवला म्हणून जास्त गार येत नाही. तो आपल्या गतीनेच चालतो, फक्त थांबायचं विसरतो. त्या दिवशी तर त्याने दुखणं वाढलंच.

सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास. दुपारपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला, तरी "मला काही होत नाही" चालूच. वयस्कर माणसांना तहान उशिरा कळते, म्हणून मी त्यांच्या 'काही नाही'वर विश्वास ठेवला नाही. शेजारच्या मैत्रिणीकडे त्यांना पोचवलं आणि मग कामाला लागले. हा क्रम तुम्हीही पाळा. आधी माणसं, मग मशीन.

सासऱ्यांची उभी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. ते काही न बोलता बाहेरच्या युनिटपाशी गेले आणि तिथून ओरडले, "सूनबाई, उन्हात बर्फ!" खरंच, काळं वेष्टण घातलेल्या जाड नळीच्या टोकावर पांढरा थर होता. मग त्यांनी विचारलं, "याचा फिल्टर कुठाय? शेवटचा कधी बदलला?"

मी गप्प. पॅसेजच्या छतातली जाळी उघडली तर आत फिल्टर नव्हे, करड्या रंगाची गोधडी होती.

होतं ते असं. घरातली हवा आतल्या कॉइलवरून जाते म्हणून ती कॉइल फार थंड पडत नाही. फिल्टर तुंबला की हवा कमी मिळते, कॉइल गोठणबिंदूखाली जाते आणि हवेतला दमटपणा तिच्यावर बर्फ होऊन बसतो. त्या बर्फाने हवा आणखी अडते. एसी जितका जास्त चालवाल तितका बर्फ जास्त. म्हणून कूलिंग बंद करायचं, फक्त पंखा 'ऑन' ठेवायचा आणि वाट बघायची. बर्फ टोकरायचा नाही, नळी फुटते. आम्हाला पाच तास लागले. वितळलेलं पाणी जाणारी नळी तुंबलेली नाही ना, तेही बघून घ्या. एसी वापरात असताना अधूनमधून तिच्यात कपभर व्हिनेगर ओतलं तर शेवाळ धरत नाही. बर्फ गेल्यावर पंखा पुन्हा 'ऑटो'वर आणा. आपल्याकडच्या दमट हवेत तो सतत चालू ठेवला तर कॉइलवरचं पाणी वाफ होऊन परत घरात येतं.

नवा फिल्टर घालताना कडेवरचा बाण मशीनच्या दिशेला हवा. संध्याकाळी स्वयंपाकघरातला थर्मामीटर आधी परतीच्या जाळीपाशी आणि मग गार हवेच्या जाळीपाशी धरला. फरक १८ अंश. साधारण १५ ते २० असला की ठीक.

फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला तर मात्र माणूस बोलवा. बाहेरचा पंखा फिरत नाही, नुसताच गुणगुणतो, तरीही. तिथला कपॅसिटर वीज बंद केल्यावरही झटका देऊ शकतो, म्हणून ते झाकण आपण उघडायचं नाही. ब्रेकर एकदा पडला तर वर करून बघा, दुसऱ्यांदा पडला तर हात लावू नका.

आणि गॅसबद्दल. आमच्याकडे पूर्वी सलग दोन उन्हाळे एका तंत्रज्ञाने "गॅस कमी झालाय" म्हणून भरून दिला आणि आम्ही मुकाट पैसे मोजले. मंडळी, हा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तेव्हा "गळती कुठे आहे?" हे आधी विचारा. गॅस हाताळायला इथे ईपीएचं प्रमाणपत्र लागतं, तेही मागायला संकोच नको. तुमचं युनिट जुनं, आर-२२ वर चालणारं असेल तर २०२० पासून तो गॅस या देशात नव्याने बनतही नाही आणि बाहेरून येतही नाही. अशा वेळी गळती दुरुस्त करायची की नवं युनिट घ्यायचं, याचा हिशेब दोन जणांकडून घ्या.

सासरे परत जाताना फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख घालून गेले, मराठीत. आता दर महिन्याच्या एक तारखेला सांगलीहून फोन येतो. आधी नातवाची चौकशी, मग फिल्टरची. सप्टेंबरात मी "हो, बदलला" असं खोटंच सांगितलं आणि फोन ठेवून स्टूल घेऊन पॅसेजमध्ये पळाले.