घटसर्प : जंतू घशात, विष रक्तात



‘रक्तात जंतू सापडले नाहीत, म्हणजे धोका टळला’ हे गेल्या अंकातील लेखाचे विधान घातक आहे. घटसर्पाचे जंतू सहसा घशातच राहतात, खरवडल्यास रक्ताळणाऱ्या त्या राखाडी पापुद्र्यात. हृदय आणि मज्जातंतूंवर घाला घालते ते त्यांचे रक्तात उतरलेले विष. रू आणि येर्सिन या शास्त्रज्ञांनी १८८८ मध्ये पॅरिसला जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला, तरी ते दगावले. प्रतिजैविके जंतू मारतात, विष नाही. त्यासाठी प्रतिविष लागते, आणि तेही ताबडतोब. पेशींत शिरलेल्या विषापुढे त्याचे काही चालत नाही. घसा बरा झालेल्या मुलाने प्यालेले पाणी पुढे नाकावाटे परत येते, ते या विषामुळेच. लेखकाने लसीबद्दल सांगायलाच हवे होते. ती याच विषाला निर्विष करून बनवतात.

– एक वाचक