ऑक्टोबरात बघू? मुळीच नाही!

मंडळी, मे महिना आला की इथे व्हरमाँटला लेकीच्या घरी एक वाद ठरलेला. हिवाळाभर घर तापवणारी लोखंडी शेगडी आता थंड झाली, ती साफ करायची कधी? जावई म्हणतात, "आई, ऑक्टोबरात पेटवायच्या आधी बघू की!" शेजारीपाजारीही तेच म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. का, ते मुद्देसूद सांगते.

पहिला मुद्दा राखेचा. राख हवेतला ओलावा शोषते आणि इथला उन्हाळा दमट असतो. अशी राख चार-पाच महिने लोखंडाला चिकटून राहिली की गंज चढणारच! राख काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घरापासून लांब ठेवावी. तिच्यात दडलेला निखारा काही दिवससुद्धा जिवंत राहतो.

दुसरा मुद्दा धुराड्याचा. ओलसर लाकूड हवा कोंडून मंद जाळलं की धुरातून क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर नळीत साचतो. तो पेटला तर घरादाराची होळी. म्हणून तर इथलं एनएफपीए २११ हे अग्निसुरक्षेचं मानक वर्षातून एकदा तपासणी करायला सांगतं. ती ऑक्टोबरातच करा, असं कुठे म्हटलंय? तेव्हा धुराडं साफ करणाऱ्यांकडे रांग लागलेली असते. नळीला भेग निघाली तर दुरुस्ती होईपर्यंत कुडकुडत बसा! मेमध्ये तपासलं की हातात अख्खा उन्हाळा मिळतो.

"पण तोवर पुन्हा घाण होईल ना?" अहो, विस्तवच पेटणार नाही तर क्रिओसोट येईल कुठून? शरद ऋतूत पाला किंवा घरटं अडकलेलं नाही ना, एवढं पाहिलं की झालं.

घरट्यावरून आठवलं. आपल्या पाकोळीच्या कुळातले चिमणी स्विफ्ट हे पक्षी उन्हाळ्यात इथल्या धुराड्यांत घरटी करतात. एकदा अंडी घातली की घरट्याला हात लावता येत नाही, १९१८ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तेव्हा साफसफाई करून वर जाळीची टोपी बसवायची ती त्यांच्या आधीच.

दाराच्या कडेची दोरीही आत्ताच तपासावी. कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर दोरी बदला. पुढच्या हिवाळ्याची लाकडंही आत्ताच फोडून रचली तर वाळायला वेळ मिळतो. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा.

आपल्याकडे मृगाआधी कौलं शाकारतात. पाऊस कोसळायला लागल्यावर छपरावर कोण चढतं? तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण पोरांना शिकवायचं आणि स्वतः मात्र ऑक्टोबरची वाट बघायची! मी वर्गात मुलांना सांगत असे, तास संपला की फळा पुसूनच बाहेर पडायचं. शेगडीचंही तेच. विस्तव विझला म्हणजे काम संपलं नाही.

असो. जावईबापू हे वाचतीलच. झाडू आणि पत्र्याचा डबा ओट्यावर काढून ठेवला आहे.